मोटरीचा कार्बन ब्रश कसा ठरवायचा: बेळगाव भागातल्या यंत्रांसाठी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही मोटरीच्या दुकानात गिऱ्हाईक झिजलेला कार्बन, म्हणजे मोटरीचा ब्रश, खिशातून काढून काउंटरवर ठेवतं. "सॅम्पल आणलंय न्हवं, मग झालं," म्हणत दुकानदार व्हर्नियर लावतो आणि तेवढ्याच जाडी-रुंदीचा तुकडा शोधून देतो. तसा नसला तर थोडा मोठा घ्यायचा आणि पॉलिश पेपरवर घासून होल्डरमध्ये बसवायचा. मिक्सर, हँड ड्रिल यांचं एवढ्यावर भागतं. साखर कारखान्यात मिल फिरवणारी डीसी मोटर, खडी क्रशरची स्लिप रिंग मोटर (हिच्यात ब्रश सलग कड्यांवर घासतात) किंवा फाउंड्रीतली क्रेन यांचं भागत नाही. तिथं माप जुळूनही कॉम्युटेटरवर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या फिरत्या नळकांड्यावर, चरे पडतात, ठिणग्या उडतात आणि दोन महिन्यांत कार्बनचा भुगा होतो.

अशा यंत्रांवर ब्रशला झेपत नाही इतका करंट जातोय, असा पहिला संशय येतो. आपल्या भागात बहुतेक वेळा उलटं असतं. मोटर घेताना दुप्पट क्षमतेची घेतलेली असते, ती अर्ध्या भाराखाली चालते आणि ब्रश उपाशी राहतो. म्हणून नेमप्लेटवरचा आकडा बाजूला ठेवून रोज प्रत्यक्ष किती करंट वाहतो, तिथून हिशोब सुरू करायचा. या लेखाचा सगळा भर त्यावर आहे.

ब्रशचं काम नेमकं काय

स्थिर तार आणि यंत्राचा फिरता भाग यांच्यात करंट पोचवणं, हे ब्रशचं काम. सुरुवातीच्या डायनॅमोंवर तांब्याच्या तारांचे किंवा जाळीचे जुडगे टेकवलेले असत. १८८५ साली जॉर्ज फोर्ब्स या ब्रिटिश अभियंत्यानं त्या जागी कार्बन वापरण्याचं पेटंट घेतलं. तांब्यापेक्षा कार्बनचा रोध कितीतरी जास्त, मग तो का चालला? कारण तो रोधच इथं कामाला येतो. ब्रश एका वेळी कॉम्युटेटरच्या दोन-तीन पट्ट्यांवर टेकलेला असतो, म्हणजे त्या पट्ट्यांना जोडलेल्या आर्मेचरच्या, म्हणजे फिरत्या गाभ्याच्या, कॉइल तो क्षणभर शॉर्ट करतो. तांबं असेल तर त्या शॉर्टमधून जबर करंट फिरतो आणि पट्टी सुटताना ठिणगी पडते. कार्बनचा संपर्क-रोध त्या फिरत्या करंटला आवर घालतो.

ब्रश ठरवताना ओढाताण याचीच असते. रोध कमी ठेवला तर उष्णता कमी पण ठिणग्या जास्त. रोध वाढवला तर कम्युटेशन, म्हणजे कॉइलमधल्या करंटची दिशा पालटणं, चांगलं, पण व्होल्टेज तिथं खर्ची पडतं आणि ब्रश तापतो.

आधी मोजमाप

दुकानात जाण्यापूर्वी यंत्रापाशी उभं राहून काही आकडे घ्यावे लागतात. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावून पूर्ण पाळीतला करंट नोंदवा: सर्वसाधारण किती, कमीत कमी किती, झटका किती आणि किती सेकंद. वळणारा भाग थांबवून कॉम्युटेटरचा व्यास, पट्ट्यांची संख्या, ब्रशच्या रांगा आणि प्रत्येक रांगेत ब्रश किती, हे मोजा. फेरे मिनिटाला किती, मोटर दोन्ही दिशांना फिरते की एकाच, हेही लिहा. आणि आसपासची हवा कशी आहे ते बघा: धूळ, तेलाची वाफ, गंधकाचा वास. हा शेवटचा मुद्दा सगळे गाळतात.

ग्रेड कुठला

ग्रेड म्हणजे ब्रशच्या कार्बनचा प्रकार. बाजारातल्या शेकडो नंबरांमागे मुळात चार घराणी आहेत.

इलेक्ट्रोग्राफाइट म्हणजे कार्बनचा ठोकळा २,५०० अंश सेल्सिअसच्या वर भाजून त्याचं ग्राफाइटमध्ये रूपांतर केलेला प्रकार. मध्यम आणि मोठ्या डीसी यंत्रांना बहुधा हाच लागतो. चौरस सेंटिमीटरला ८ ते १२ अँपिअर हा त्याचा सुखाचा पट्टा, आणि घासण्याचा वेग सेकंदाला सुमारे ५० मीटरपर्यंत चालतो. धन आणि ऋण अशी जोडी मिळून व्होल्टेज २ ते ३ व्होल्ट पडतं.

धातू-ग्राफाइटमध्ये तांब्याची, क्वचित चांदीची पूड मिसळलेली असते. व्होल्टेज फार कमी पडतं, करंट जास्त पेलतो, पण वेग कमी लागतो. ट्रॅक्टरच्या स्टार्टरमध्ये हाच असतो. बॅटरीच बारा व्होल्टची, त्यातले तीन व्होल्ट ब्रशवर घालवून इंजिन कसं फिरणार? स्टार्टरमध्ये काही सेकंदांपुरता करंट नेहमीच्या मर्यादेच्या कैक पट जातो, आणि ते चालतं, कारण तापायला वेळच मिळत नाही. उसाच्या ट्रॉलीच्या ट्रॅक्टरला साधा काळा कार्बन घासून बसवणारे आहेत. थंडीच्या पहाटे ते धक्का मारताना दिसतात.

नैसर्गिक ग्राफाइटचे ब्रश मऊ असतात आणि जास्त वेगाच्या स्टील स्लिप रिंगांवर वापरतात. राळेनं बांधलेले आणि कठीण कार्बनचे ब्रश छोट्या मोटरींना: ग्राइंडर, ड्रिल, मिक्सर. त्यांचा रोध मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, कारण तिथं कम्युटेशन मुळातच अवघड असतं. काही ग्राइंडरांच्या ब्रशमध्ये आत एक स्प्रिंगचा खिळा असतो. ब्रश झिजला की तो पुढे येऊन मोटर बंद पाडतो आणि कॉम्युटेटर वाचवतो. साधा तुकडा बसवला की ती सोय जाते.

एका यंत्रावर दोन ग्रेड कधीच मिसळू नका. ज्याचा रोध कमी तो सगळा करंट ओढून घेतो आणि जळतो, बाकीचे नुसते घासत राहतात. ग्रेड बदलायचा तर सगळे ब्रश एकदम बदला आणि कॉम्युटेटरवर जमलेला जुना थर दगडानं हलका काढून नव्यानं बसू द्या.

क्षेत्रफळाचा हिशोब

एक उदाहरण घेऊ. ४४० व्होल्टची, साधारण २२० किलोवॉटची डीसी मोटर, चार चुंबकी पोल, लॅप वाइंडिंग (पोलांइतक्याच ब्रशच्या रांगा लागणारी गुंडाळणी), मिनिटाला ६०० फेरे. पूर्ण भाराला करंट सुमारे ५४० अँपिअर. कॉम्युटेटरचा व्यास ४०० मिमी, पट्ट्या १६०.

घासण्याचा वेग: परीघ १.२५७ मीटर, सेकंदाला १० फेरे, म्हणजे साधारण १२.६ मीटर. इलेक्ट्रोग्राफाइटला यात काहीच अडचण नाही.

एका पट्टीची रुंदी, पट्ट्यांमधला मायका (वीजरोधक) धरून, ७.८५ मिमी. ब्रशची जाडी २० मिमी घेतली तर तो अडीच पट्ट्या झाकतो. साधारण दीड ते तीन पट्ट्या झाकणारी जाडी ठीक. त्याहून जाड घेतला तर जास्त कॉइल एकदम शॉर्ट होतात आणि ब्रश न्यूट्रलच्या, म्हणजे कॉइलमध्ये जवळपास व्होल्टेज नसतं त्या टापूच्या, बाहेर जातो. क्षेत्रफळ वाढवायचं असेल तर रुंदी किंवा ब्रशची संख्या वाढवा, जाडी वाढवू नका. घासून बसवलेल्या 'थोड्या मोठ्या' ब्रशची नेमकी हीच खोड असते.

चार पोलांच्या लॅप वाइंडिंगमध्ये ब्रशच्या चार रांगा असतात, दोन धन, दोन ऋण. म्हणून प्रत्येक रांगेवर एकूण करंटच्या निम्मा: २७० अँपिअर. ब्रश २० मिमी जाड आणि ३२ मिमी रुंद, म्हणजे ६.४ चौरस सेंटिमीटर. समजा रांगेत पाच ब्रश आहेत. क्षेत्रफळ ३२, आणि पूर्ण भाराला चौरस सेंटिमीटरमागे ८.४ अँपिअर. कागदावर उत्तम.

आता क्लॅम्प मीटर सांगतो की मोटर दिवसभर ३०० अँपिअरच घेते. रांगेला १५०, म्हणजे ४.७ अँपिअर. ब्रश आणि तांब्यामध्ये ऑक्साइड आणि ग्राफाइटचा जो चॉकलेटी थर जमावा लागतो, तो जमायला पुरेसा करंट आणि त्यातून येणारी थोडी उष्णता लागते. करंटची घनता, म्हणजे चौरस सेंटिमीटरमागचे अँपिअर, पाचाच्या खाली महिनोनमहिने राहिली की थर पातळ होतो, घर्षण वाढतं, तांब्याचे कण ब्रशच्या तोंडात रुततात आणि तेच कॉम्युटेटरवर चरे पाडतात. मग मालक म्हणतो, कार्बन हलका निघाला. त्याच्या दुप्पट किमतीचा आणला तरी तेच होणार.

उपाय फुकटचा आहे: रांगेतला एक ब्रश काढून टाका. चार उरले की क्षेत्रफळ २५.६, रोजची घनता ५.९ आणि पूर्ण भाराला १०.५. तीनच ठेवले तर रोज ७.८ मिळतात, पण पूर्ण भार आला तर १४.१ होतात. मी इथं चारच ठेवीन आणि कमी घनतेवर थर जमवणारा ग्रेड पुरवठादाराला मागीन. भार खरोखर कधीच वाढत नसेल आणि ड्राइव्हवर (मोटरीला वीज देणाऱ्या नियंत्रकावर) करंटची मर्यादा बसवलेली असेल, तरच तीन. ब्रश काढताना चारही रांगांतला काढायचा, आणि कॉम्युटेटरच्या प्रत्येक वाटेवर, म्हणजे ब्रश जिथून घासत जातो त्या पट्ट्यावर, धन आणि ऋण ब्रश सारखेच राहतील असं बघायचं. नुसत्या धन ब्रशांखालची वाट वेगळी झिजते आणि पायऱ्या पडतात.

उष्णतेचाही अंदाज घ्या. ३०० अँपिअर गुणिले जोडीचे २.५ व्होल्ट, झाले ७५० वॉट. घर्षणाचे वेगळे: सोळा ब्रशचं क्षेत्रफळ १०२ चौरस सेंटिमीटर, दाब १८ किलोपास्कल, म्हणजे एकूण जोर साधारण १८४ न्यूटन. घर्षणांक ०.१५ धरला आणि वेगानं गुणलं की सुमारे ३५० वॉट. थर गेला की हाच घर्षणांक वाढतो आणि ब्रश भाराविना तापतो. म्हणून 'करंट तर कमी आहे, मग गरम का' या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा घर्षणात सापडतं.

माप, तिरकेपणा, होल्डर

मापं लिहिताना क्रम पक्का ठेवा: फिरण्याच्या दिशेतली जाडी, शाफ्टच्या दिशेतली रुंदी, मग उंची. आयईसी ६०१३६ या मानकात हाच क्रम आहे. जाडी-रुंदी उलटी लिहिलेला माल परत पाठवण्यात कारखान्यांचे आठवडे गेलेले आहेत.

उंची ठरते झिजेवर. थर नीट असेल तर इलेक्ट्रोग्राफाइट हजार तासांना २ ते ३ मिमी झिजतो. गळीत हंगाम दीडशे दिवस धरला, चोवीस तास, तर ३,६०० तास होतात, म्हणजे साधारण ९ मिमी. ४० मिमी उंचीच्या ब्रशमध्ये पिगटेलच्या (ब्रशला जोडलेल्या तारेच्या वेणीच्या) मुळापर्यंत २० मिमी झिजू देता येत असेल तर दोन हंगाम निघतात. पण दुसऱ्या हंगामाच्या शेवटी तो काठावर असेल, आणि फेब्रुवारीत ऊस यार्डात उभा असताना मिल थांबवणं कुणालाच परवडत नाही.

ब्रश होल्डरमध्ये सरकला पाहिजे, डुलता कामा नये. ०.१ ते ०.२ मिमीच्या आसपास मोकळीक पुरते. होल्डरचं तोंड कॉम्युटेटरपासून २ ते ३ मिमीवर. जास्त अंतर ठेवलं तर ब्रश तिरका होऊन आवाज करतो, आणि जोराच्या कंपनात काठ तुटतात. क्रेनसारख्या दोन्ही दिशांना फिरणाऱ्या मोटरीला ब्रश सरळच हवा, एकाच दिशेच्या मोठ्या यंत्राला तिरका चालतो. कॉम्युटेटर जुना आणि किंचित उंचसखल असेल तर एकसंध ब्रशऐवजी दोन पाकळ्यांचा, वर रबरी गादी असलेला ब्रश घ्या. दोन पाकळ्या वेगवेगळ्या हलतात, संपर्क टिकतो, आणि मधल्या फटीमुळे आडवा रोध वाढून ठिणग्या कमी होतात. थोडा महाग पडतो, पण जुन्या मोटरीला त्याहून स्वस्त औषध नाही.

स्प्रिंगचा दाब

जमिनीवर बसवलेल्या यंत्रांना चौरस सेंटिमीटरमागे १५० ते २०० ग्रॅम. वरच्या उदाहरणातल्या ६.४ चौरस सेंटिमीटरच्या ब्रशला सुमारे १.२ किलो. कंपन जास्त असेल, जसं क्रेन किंवा लोकोमध्ये, तर दुप्पट. मोजायला साधा स्प्रिंग काटा पुरतो: ब्रशखाली कागदाची पट्टी सरकवा, काट्यानं स्प्रिंग वर ओढत जा, कागद सैल होऊन निघाला की आकडा वाचा. एका रांगेतले सगळे दाब एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत. कमी दाबाचा ब्रश ठिणगीनं झिजतो, जास्त दाबाचा घासून. त्यातही कमी दाब जास्त घातक, आणि लोक ब्रश झिजू नये म्हणून नेमका तोच कमी करतात.

हवा, आणि हा भाग आपल्यासाठी वेगळा

ग्राफाइट वंगणासारखं वागतं ते हवेतल्या बाष्पामुळे. दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरचे ब्रश काही वेळातच भुगा होऊन जात, कारण वरच्या हवेत बाष्पच नव्हतं. ब्रशमध्ये वेगळी क्षारद्रव्यं मिसळली तेव्हा तो प्रश्न सुटला.

ब्रशला घनमीटरमागे ८ ते १५ ग्रॅम बाष्प मानवतं. पाचाच्या खाली भुगा पडायला लागतो. इथं टक्केवारी फसवते, ग्रॅम बघा. अथणी-रायबागकडं मार्चच्या दुपारी ३६ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हवेत साधारण ६ ग्रॅमच बाष्प. जानेवारीच्या पहाटे १५ अंश आणि ६० टक्के असेल, अंगाला गारवा लागतो, तरी ८ ग्रॅमच्या आतच. मोटर हाउस गरम असलं म्हणून ग्रॅम वाढत नाहीत. म्हणजे आपला गळीत हंगाम हा बरोबर ब्रशला सर्वात कोरडा काळ. उलट कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला जुलैत २३ अंश आणि ९० टक्क्यांना १८ ग्रॅमच्या पुढं जातं, थर जाड आणि काळपट होतो. एकाच जिल्ह्यात एकाच नमुन्याच्या मोटरीला वेगळा ग्रेड लागू शकतो. पुरवठादाराला हे सांगितलं नाही तर तो पुण्या-मुंबईच्या हवेचाच देणार.

साखर कारखान्यात आणखी एक त्रास: रस शुद्ध करायला गंधक जाळतात. तो वायू मोटर हाउसपर्यंत आला की तांब्यावर काळा, जाड थर चढतो आणि संपर्क बिघडतो. अशा ठिकाणी पिगटेलची तांब्याची वेणी कथिल चढवलेलीच मागा, नाहीतर ती आतून कुजते आणि एक दिवस भार दुसऱ्या ब्रशवर पडतो. मोटरीची हवा बॉयलिंग हाउसच्या बाजूनं नव्हे, बाहेरून फिल्टर लावून घ्या. खडी क्रशरवर दगडाची धूळ हाच मोठा शत्रू. ती कुठलाही ग्रेड खाते, तिथं पैसे ब्रशवर घालवण्याआधी आवरणावर घालवा. आणि मोटरीजवळ सिलिकॉनचा सीलंट अजिबात नको. बंद आवरणात त्याची थोडीशी वाफसुद्धा ब्रशची झीज कैक पटीनं वाढवते.

स्लिप रिंग

इथं कम्युटेशन नाही, त्यामुळे ग्रेड सोपा होतो. क्रशर, क्रेन यांच्या स्लिप रिंग मोटरींच्या ब्राँझ रिंगांवर धातू-ग्राफाइट चालतो. वेगानं फिरणाऱ्या अल्टरनेटरच्या स्टील रिंगांवर नैसर्गिक ग्राफाइट, आणि त्या रिंगांवर सर्पिल खाच असते ती हवा आणि उष्णता बाहेर काढायला. खराद करताना ती बुजवू नका. अल्टरनेटरच्या दोन रिंगांमधून डीसी वाहतो, म्हणून त्या सारख्या झिजत नाहीत. अधूनमधून धन-ऋण तारा अदलाबदल केल्या की झीज वाटली जाते.

बसवणं आणि पहिले दिवस

कॉम्युटेटर आधी बघा. पट्ट्यांमधला मायका एक ते दीड मिमी खोल कापलेला आणि पट्ट्यांच्या कडा किंचित घासलेल्या असाव्यात. पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत नको. त्यावर थर धरत नाही.

ब्रश होल्डरमध्ये बसवून, खाली काचपेपरची खरखरीत बाजू वर ठेवून, ब्रशच्या तोंडाला कॉम्युटेटरची गोलाई द्या. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण ब्रशमध्ये रुतून तांबं कापतात. कागद शेवटी फक्त फिरण्याच्या दिशेनं ओढा आणि सगळी पूड व्हॅक्यूमनं ओढून घ्या, फुंकू नका. फुंकली की ती आर्मेचरच्या वाइंडिंगमध्ये जाऊन बसते. तोंडाचा बहुतेक भाग टेकला की थोड्या भारावर चालू करा.

पहिल्या आठवड्यात रोज बघा. एकसारखा चॉकलेटी रंग आला तर काम झालं. पट्ट्यांवर एक आड एक गडद खुणा दिसल्या तर वाइंडिंगकडं संशय जातो. गोल गोल बारीक रेषा आणि ब्रशच्या तोंडात तांब्याचा चकाकता ठिपका दिसला तर घनता कमी, किंवा दाब कमी, किंवा हवा कोरडी. ठिणगी फक्त ब्रशच्या मागच्या काठावर असेल तर रांगा धरणारं कडं, म्हणजे रॉकर, न्यूट्रलवर आहे का, ते तपासा.

हंगाम संपल्यावर

ज्या कारखान्यांची मोटर जूनपासून उभी राहते, त्यांनी ब्रश वर उचलून ठेवावेत किंवा मध्ये जाड मेणकागद घालावा. पावसाळ्याच्या दमटीत टेकलेल्या ब्रशखाली तांब्यावर डाग उठतात, आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्याच दिवशी त्या जागी ठिणगी पडते. सुटे ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत, तेलापासून दूर, आणि पिशवीवर ग्रेड, मापं, यंत्राचं नाव लिहून. पुढची मागणी देताना प्रत्यक्ष करंट, फेरे, व्यास, रांगेतले ब्रश, तिरकेपणा, पिगटेलची लांबी, टोकाचं छिद्र आणि हवेची अवस्था हे सगळं कळवा. नुसत्या सॅम्पलवरून माप कळतं, बाकीचं कळत नाही.